कॅप्टनची छागल

माझ्या आयुष्यात मी ज्या माणसावर सगळ्यात जास्त चिडले, तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मरून गेला होता. तो अमेरिकेच्या सैन्यात कॅप्टन होता. मी वसईची, संसार बहारीनला, आणि कॅप्टनने तर या बाजूचा समुद्रही कधी पाहिला नव्हता. तरी तीन वर्षं तो माझ्या मानगुटीवर बसून होता, आणि त्याला तिथे बसवला माझ्या साहेबाने.

कुवेतचं युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. माझे मिस्टर इस्पितळाच्या लॅबमध्ये होते, शिफ्टची नोकरी. माहूजमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट होता. लेक आठ वर्षांची झाली, शाळेत रुळली, तेव्हा मी पण नोकरी धरली. मीना सलमान बंदरात जहाजांना सामान पुरवणारी एक कंपनी होती. दोरखंड, रंग, पंप, साखळ्या. तिथे मी सेक्रेटरी. मॅनेजर अमेरिकन होता, साठीच्या आसपासचा, बायको वारलेली, मुलगे तिकडेच. माणूस स्वभावाने वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल.

नोकरीला तीन महिने झाले असतील. साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "तुमचा टायपिंगचा वेग किती?"

मी सांगितला. मला वाटलं, बढती.

"मी पुस्तक लिहितो आहे," साहेब म्हणाला. "माझ्या पणजोबांचं चरित्र. ते सैन्यात अधिकारी होते आणि संशोधकही होते. ऑफिस सुटल्यावर रोज एक तास द्याल? सहा महिन्यांत होईल."

मी हो म्हटलं. सहा महिने काय, चुटकीसरशी जातील.

दुसऱ्या दिवशी त्याने हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी आणली. आत जुनी पत्रं, अर्जांच्या नकला, आकृत्या, आणि एक फोटो. फोटोत कॅप्टन खुर्चीवर ताठ बसलेला, मिशी दोन्ही बाजूंनी खाली उतरलेली, एक पाय जरा पुढे काढलेला. त्या पायाच्या गुडघ्यात त्यांच्या यादवी युद्धात गोळी शिरली होती, तो पुढे कधी नीट वाकला नाही, असं साहेबाने सांगितलं. अभिमानाने सांगितलं, जसा काही तो गुडघा साहेबाचाच होता.

पहिलं वाक्य मी टाइप केलं: कॅप्टनचा जन्म जोडे शिवणाऱ्याच्या घरी झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, बदलू या. "चामड्याच्या कामात निष्णात असलेल्या कारागिराच्या घरी." तिसऱ्या दिवशी तो कारागीर व्यापारी झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात "चामड्याच्या उद्योगाशी संबंधित कुटुंबात" असं झालं. प्रत्येक वेळी अख्खं पान पुन्हा छापायचं, कारण साहेबाला पडद्यावर वाचता येत नसे, कागदच लागे. माझे वडील वसईला केळी आणि भाजी पिकवायचे. त्यांचं चरित्र लिहायची वेळ आली तर मी काय "बागायती क्षेत्राशी संबंधित" असं लिहिणार? एका संध्याकाळी मी न राहवून म्हटलं, "सर, जोडे शिवणारा यात वाईट काय आहे?"

साहेबाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "वाईट काहीच नाही. पण वाचकाला पहिल्याच ओळीत जोडे दिसतील."

तीन महिन्यांनी कॅप्टन एकोणीस वर्षांचा झाला होता. माझी लेक तेवढ्या वेळात चौथीत गेली.

घरी मिस्टर विचारायचे, "कुठवर आला तुझा कॅप्टन?"

"अजून मिशी फुटायची आहे," मी म्हणायचे.

लेक इंग्रजीत म्हणायची, मम्मी, तू बोअरिंग झाली आहेस. खरंच झाले होते. जेवताना मी खेचरांबद्दल बोलायला लागले होते.

पण एक प्रकरण असं होतं की ते टाइप करताना माझे हात थांबले. युद्ध संपल्यावर कॅप्टनला पश्चिमेकडे, कोरड्या माळावरच्या एका लहान ठाण्यावर पाठवलं होतं. पाणी बरंच लांब. खेचरांवर लाकडी पिंपं लादून आणायचं. उन्हाने लाकूड सुकायचं, फटी पडायच्या, निम्मं पाणी वाटेतच सांडायचं, उरलेलं कढत. एकदा त्याची तुकडी कूच करत असताना पिंपं फुटली आणि दोन शिपाई तहानेने मेले. एक एकोणीस वर्षांचा, एक बावीसचा. त्यांच्या आयांना पत्रं कॅप्टनने लिहिली. त्या पत्रांचे कच्चे खर्डे पेटीत होते. एका खर्ड्यात त्याने चार वेळा "त्रास झाला नाही" असं लिहून चारही वेळा खोडलं होतं. पाचव्यांदा नुसतंच सोडून दिलं होतं.

तिथून पुढे त्याने ध्यास घेतला तो जाड कापडाचा. कॅनव्हासच्या दोन पिशव्या, रुंद पट्ट्याने जोडलेल्या, खेचराच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या. कापड ओलं राहतं, बाहेरून वारा लागतो, आतलं पाणी गार. आत आडवे पडदे, म्हणजे पाणी हिंदकळून खेचराचा तोल जायला नको. खाली लाकडी तोटी. चांगली कल्पना होती. पुढची तीस वर्षं तो ती सैन्याच्या गळी उतरवत राहिला. अर्ज, नकार, सुधारणा, पुन्हा अर्ज. एकदा राजधानीत अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे चाचणी झाली, आणि ऐन चाचणीत पाणी गळून गेलं. अहवालात लिहिलं होतं की खेचर बुजलं. साहेबाच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले होते: त्या दिवशी खेचर बुजलं नसतं तर पणजोबा जनरल झाले असते. तो कॅप्टन राहिला आणि कॅप्टन म्हणूनच निवृत्त झाला.

आपल्याकडे असे लोक आप्तांत असतातच. माझ्या एका काकांनी केळीच्या सोपटापासून दोर करायचं यंत्र काढलं होतं आणि काकीचं सगळं अंगण त्या यंत्राने अडवलं होतं. त्यामुळे मला कॅप्टनची कीव पण यायची आणि रागही. एकासारखे एक बावीस अर्ज टाइप करून बघा, मग कळेल.

पेटीत एक निराळं पुडकं होतं. त्यावर साहेबाने पेन्सिलीने लिहिलं होतं: घरगुती, नको. ती कॅप्टनच्या बायकोची पत्रं होती. साहेब एकदा लांबलचक फोनवर होता तेव्हा मी त्यातली काही चाळली. पोरांचा खोकला, पिठात झालेले किडे, छपराची गळती, शिवणकाम. अक्षर सुरेख. मी पुडकं परत बांधून ठेवलं.

दुसऱ्या वर्षी साहेबाच्या डोक्यात आलं की पुस्तकात फोटो हवा. आकृती नाही, खरी वस्तू. "ती पिशवी आपण शिवून घेऊ," तो म्हणाला. "इथे कोणी आहे का, कॅनव्हास शिवणारा?"

होता. ऑफिसच्याच गल्लीच्या टोकाला एका शेडमध्ये रत्नागिरीकडचे एक चाचा होते. ताडपत्र्या, बोटींची आच्छादनं, गाड्यांवरची छतं शिवायचे. तरुणपणी त्यांनी गलबतांची शिडं शिवली होती. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून, वीतभर सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने ते हाताने शिवायचे, आणि मशिनला तुच्छ मानायचे. त्यांचं माझं मराठीत जमायचं. मला ते बाय म्हणायचे.

मी साहेबाला शेडमध्ये घेऊन गेले. साहेबाने आकृती दोन्ही हातांनी उलगडली, जसं काही चर्चमधलं पवित्र पुस्तक उघडतोय. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "ही तं छागल हाय."

"काय म्हणतात ते?" साहेबाने विचारलं.

मी म्हटलं, "ते म्हणतात, आकृती छान आहे."

"तसं नाय बोललो मी," चाचा म्हणाले. त्यांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण थोडंफार कळायचं. "सांग त्याला. खेचरावर टाकली तं पखाल, टांगली तं छागल. आमच्या रत्नागिरीत यष्टीच्या डायवरच्या बाजूला टांगलेली असायची. लहान पोर पण सांगेल."

शेवटी सांगावं लागलं. साहेबाचा चेहरा पडला. "अशी वस्तू तुमच्या देशात आहे?"

"होती. आता फ्रिज आले."

"किती जुनी? पणजोबांच्या आधीची?"

झालं. तिथून दोन महिने पुस्तक बंद आणि छागल सुरू. साहेबाने कुठल्या कुठल्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली, ती मीच टाइप केली. मला म्हणाला, तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना विचारा. मी आईला वसईला पत्र टाकलं की आपल्याकडे छागल कधीपासून आहे. आईचं उत्तर आलं: तुला तिकडे एवढंच काम उरलंय का? पोरीला मराठी वाचायला शिकव.

चाचांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या आज्याच्या वक्ताला होती."

"आजा कधीचा?"

"तो काय मला सांगून जन्मला?"

आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर बहारीनी होता, पन्नाशीचा. त्याने हे सगळं ऐकलं आणि हसत हिंदीत म्हणाला की आमच्याकडे बकरीच्या कातड्याची गिरबा असते, आजोबाच्या आजोबापासून, त्यात पाणी असंच गार होतं. मी हे साहेबाला सांगायला नको होतं. सांगितलं. मग साहेब आठवडाभर कातडं वेगळं आणि कॅनव्हास वेगळा यावर टिपण लिहीत बसला. ते टिपण नऊ पानांचं झालं.

एका संध्याकाळी मी घरी जायला उठले होते. लेकीला ताप होता, मिस्टर शिफ्टवर, शेजारीण तिच्यापाशी बसलेली. आणि साहेब पुन्हा म्हणाला, "पण समजा, तुमच्याकडची छागल आधीची निघाली, तर माझ्या पणजोबांनी काय शोधलं?"

माझा संयम सुटला. "सर, तुमच्या पणजोबांनी छागल पाहिली होती का?"

"नाही."

"कोणी सांगितली होती?"

"नाही."

"मग त्यांनी शोधली ती त्यांचीच. तहान काय एकाच देशातल्या माणसांना लागते? मी घरी जाते, माझी मुलगी आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातच्या कागदावर नव्या प्रकरणाची सुरुवात होती: तहान एकाच देशातल्या माणसांना लागत नाही. मी ती टाइप केली. माझ्याच तोंडचं वाक्य, आणि तेसुद्धा त्याने पुढे तीनदा सुधारलं.

असो. पुस्तक हललं. चाचा शिवायला बसले. पण आता निराळीच कटकट. आकृतीत प्रत्येक पिशवीची मुख्य शिवण तळाला होती. चाचा म्हणाले, "तळाला शिवण नको. सगळं वजन तळाला. कापड तळाशी दुमडायचं आणि शिवण वरनं न्यायची. शिडाचं पण असंच. जिथे जोर येतो तिथे सुई घालायची नसते."

मी साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, "आकृतीप्रमाणे."

मी चाचांना सांगितलं. चाचा म्हणाले, "गळंल."

"गळेल म्हणतात."

"आकृतीप्रमाणे."

त्या शेडमध्ये तेव्हा उकाडा असा की कागद हाताला चिकटायचा. मी एकदा साहेबाच्या केबिनमध्ये, एकदा शेडमध्ये, अशा दिवसाला चार खेपा घालत होते आणि प्रत्येक खेपेला नेत होते एकच शब्द. चौथ्या दिवशी चाचा अचानक म्हणाले, "बरं, साहेब बोलतो तसं." मला बरं वाटलं. ते इतक्या सहज ऐकतील असं मला वाटायलाच नको होतं.

त्या दिवशी घरी जाताना व्हॅनमध्ये मला काहीतरी खटकलं. तळाला शिवण नको, हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब बाहेर गेला तेव्हा मी ते पेन्सिलीची खूण केलेलं पुडकं काढलं. सातवं की आठवं पत्र. कॅप्टन राजधानीत चाचणीसाठी गेला होता आणि चाचणी फसल्याचं त्याने घरी कळवलं होतं. त्यावर बायकोचं उत्तर. धाकटीचा खोकला कमी आहे, पीठ आलं, आणि मग: मी तुम्हाला सांगितलं होतं, तळाला शिवण नको. मी शिवलेल्या पहिल्या दोन पिशव्यांत कापड दुमडलेलं होतं म्हणून त्या वर्षभर टिकल्या. तुम्ही म्हणालात, आकृतीत तशी नाही. आता खेचराला दोष देऊ नका, त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं. माझा इतका संताप झाला की मी उठून चहा करून प्यायले. तीस वर्षं! बावीस अर्ज! आणि घरात शिवणारं माणूस सांगत होतं.

साहेबाला लगेच सांगावं असं वाटलं, पण तो आला तोच घाईत. शुक्रवारी झल्लाकच्या किनाऱ्यावर जायचं, फोटो काढायचे, पिशव्या तोवर तयार होतील. मागे वाळू हवी होती त्याला. त्याच्या पणजोबाच्या माळावर वाळू नव्हतीच मुळी, खडकाळ माती होती, हे मीच टाइप केलं होतं.

शुक्रवारी सकाळी साहेब, चाचा, ड्रायव्हर आणि मी असे चौघे जीपने झल्लाकला गेलो. सप्टेंबर. हवा ओल्या टॉवेलसारखी. खेचर नव्हतं, म्हणून पिशव्या जीपच्या टपावरून आडव्या टाकल्या, एक इकडे, एक तिकडे. मग साहेबाला फोटोत हॉटेल नको, तारेचा खांब नको, सहलीला आलेली मंडळी नको. तासभर जीप पुढे-मागे केली. ड्रायव्हर पुटपुटत होता, "यल्ला, खलास करा." प्लास्टिकच्या कॅनमधून आणलेलं पाणी चाचांनी दोन्ही पिशव्यांत ओतलं. आधी दोन दिवस त्यांनी पिशव्या भिजत ठेवल्या होत्या, कापड फुगावं म्हणून.

साहेब कॅमेऱ्यात रोल घालत होता. तेवढ्यात डावीकडच्या पिशवीच्या तळाशी एक थेंब जमला. मग ओळीने थेंब. मग शिवणीच्या मधोमध बारीक धार लागली, आणि बघता बघता खालची वाळू काळी पडली. साहेब धावला, हाताने शिवण दाबायला लागला. पाणी त्याच्या बुटांत.

"शिवण नीट नाही," तो म्हणाला. "कारागिराची चूक आहे."

"काय बोलतो?" चाचांनी विचारलं.

मी इतके दिवस त्या दोघांच्या मध्ये उभी राहून निम्मं गिळत आले होते. त्या दिवशी शब्दाला शब्द सांगितलं.

चाचा चिडले नाहीत. जीपला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि उजवीकडच्या पिशवीवर हात ठेवला. ती बाहेरून पाझरून ओली झाली होती, पण गळत नव्हती. "दोन्ही मीच शिवल्या," ते म्हणाले. "ती त्याच्या पणज्याची. ही माझी. सुई तीच, दोरा तोच. आता सांग त्याला चूक कुणाची."

मी सांगितलं. साहेब वाकला, उजव्या पिशवीचा तळ चाचपला. दुमडलेलं कापड. शिवण नाही.

मग मी म्हटलं, "सर, चाचांनी सांगितलं तेच तुमच्या पणजीने कॅप्टनना सांगितलं होतं. पत्र आहे. तुमच्या पेटीत."

"ती पत्रं खाजगी आहेत," साहेब म्हणाला.

"मी वाचलं."

"ते तुमचं काम नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं. मला भीती वाटत होती, कारण व्हिसा त्याच्याच कंपनीचा होता. "पण खेचर बुजलं नव्हतं, सर."

तो जीपच्या उजव्या बाजूला गेला आणि अख्खा रोल त्या बाजूने काढला. पाणी मात्र गार झालं नाही. इतक्या दमट हवेत कुठलं होणार? चाचा म्हणाले, जूनमध्ये कोरडा वारा सुटतो तेव्हा आणायला हवं होतं. हे मी साहेबाला सांगितलं नाही.

शनिवारी मी ते पत्र टाइप करून त्याच्या टेबलावर ठेवलं. दहा मिनिटांनी त्याने आत बोलावलं.

"मी हे टाइप करायला सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलं."

"पुस्तक कॅप्टनवर आहे."

"पिशवीवर पण आहे ना, सर? मग ती पहिली कोणी शिवली ते नको का? ते नसेल तर मला पुढचं टाइप करायचं नाही. दुसरं कोणी बघा."

मला वाटलं, आता हा ओरडेल. पण तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो अगदीच म्हातारा दिसला. "माझ्या आजोबांनी मला मांडीवर घेऊन ती खेचराची गोष्ट सांगितली होती," तो म्हणाला. "ते खेचर कसं उधळलं, ते हातवारे करून दाखवायचे. आजोबा त्या वेळी त्याच घरात होते. पाच-सहा वर्षांचे असतील. त्यांना माहीत असणार."

राग होता तो जरा वेळ कुठेतरी गेला. माझ्या काकीने त्या यंत्राबद्दल काय काय सांगितलं असेल आणि आम्ही पोरांनी काय काय ऐकलं असेल, ते मनात आलं. मी बाहेर येऊन माझ्या जागेवर बसले.

दोन आठवडे पुस्तकाचं नाव निघालं नाही. मी वेळेवर घरी जात होते, लेकीला बाराखडी गिरवायला बसवत होते, ती तोंड वाकडं करत होती. सुख होतं. आणि तरी गाडी माहूजला वळली की मला वाटायचं, त्या कॅप्टनचं काय झालं असेल? अर्धवट सोडून दिला का? इतकं टाइप करून? याचाही मला राग यायला लागला.

तिसऱ्या शनिवारी साहेबाने हाताने लिहिलेली चौदा पानं माझ्यासमोर ठेवली. प्रकरण पणजीचं. पुडक्यावरची पेन्सिलीची खूण खोडरबराने पुसलेली होती. पहिलं वाक्य होतं: ती शिवत असे. मला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी साहेबाने ते बदललं. एकंदर नऊ वेळा बदललं.

त्यानंतर वर्षाने त्याचं काँट्रॅक्ट संपलं आणि तो गेला. निरोपाच्या दिवशी त्याने मला हात जोडून भारतीय पद्धतीने नमस्कार केला, आणि पेटी उचलायला ड्रायव्हरला हाक न मारता स्वतः उचलली. नवा मॅनेजर आला, त्याला पणजोबा नव्हता की काय कोण जाणे, त्याने कधी काही टाइप करायला दिलं नाही. पुस्तकाचं पार्सल यायला आणखी बराच काळ गेला. तिकडच्या कुठल्याशा लहान छापखान्यात काढलेलं होतं. आभाराच्या पानावर माझं आडनाव होतं, एक अक्षर चुकलेलं. तीन वर्षं माझ्या पगाराच्या पाकिटावर बघून चुकलेलं. चाचांबद्दल लिहिलं होतं: स्थानिक तंबू शिवणारा. स्थानिक! चाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीहून बोटीने आलेला माणूस स्थानिक, आणि शिडं शिवणारा तंबू शिवणारा. मी पेनाने माझ्या प्रतीत दोन्ही चुका दुरुस्त केल्या आणि पुस्तक घेऊन शेडमध्ये गेले.

चाचांनी हात पुसले, चष्मा लावला. पिशवीचा फोटो अख्ख्या पानावर होता. खाली लिहिलं होतं: कॅप्टनच्या आकृतीवरून बनवलेली. मी ते मराठीत सांगितलं.

"आकृतीवरनं कुठे? ही तं माझी हाय," चाचा म्हणाले.

"तेच म्हणते मी."

ते फोटो निरखत राहिले. मग म्हणाले, "पट्टा उलटा टाकलान."

"काय?"

"जाड बाजू खाली यायची, पाठ सोलू नये म्हणून. त्याने वर टाकलान. मी तेव्हाच बोललो होतो तिथे, झल्लाकला. तू सांगितलं नायस."

बोलले असतीलही. त्या दिवशी ते पुष्कळ काही बोलत होते. "आता छापून झालं, चाचा," मी म्हटलं.

"बायकोचं लिवलान काय?"

"लिहिलंय. अख्खं प्रकरण."

"वाच."

मी ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसले आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले. पोरांचे खोकले, पिठातले किडे, छपराची गळती. चाचा सुई खाली ठेवून ऐकत होते. तळाच्या शिवणीपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब. कापड दुहेरी होतं काय एकेरी?"

"ते नाही दिलेलं."

"दोरा कुठला वापरलान तिने?"

"ते पण नाही, चाचा. पत्रात जेवढं आहे तेवढंच लिहिलंय."

"मग एवढं जाड पुस्तक करून लिवलान तरी काय?" चाचा म्हणाले, आणि मला पुढचं वाचायला लावलं.